आमच्या दोन तालुक्यांतील मुलें आणि भूगोलाचें शिक्षण

महोत्सवाच्या निमित्तानें मागील पिढ्यांचें स्मरण करण्याची रीत आपल्यांत चालत आलेली आहे. कोणती इमारत केव्हां उभी राहिली, कोणीं किती श्रम केले, याची नोंद होणें योग्यच आहे. परंतु इमारतीहून अधिक टिकणारी गोष्ट म्हणजे त्या इमारतींत मुलांस मिळालेलें ज्ञान होय. म्हणून प्राथमिक शाळेंतील एका साध्या विषयाचा, म्हणजे भूगोलाचा, इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. हा विषय वरवर पाहतां लहान दिसतो. गणितासारखा त्याचा दरारा नाहीं आणि भाषेसारखा त्याचा मान नाहीं. तथापि जुन्नर व आंबेगांव या डोंगराळ तालुक्यांत राहणाऱ्या माणसाला आपली जमीन, आपलें पाणी आणि आपला डोंगर समजणें हें केवढें अगत्याचें आहे, तें या लेखाच्या शेवटीं स्पष्ट होईल अशी आमची खात्री आहे.

पंतोजींच्या शाळेपासून छापील पुस्तकापर्यंत

भूगोल ही विद्या आपल्या देशास नवी नव्हे. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० सालीं ‘सिद्धान्तशिरोमणि’ ग्रंथ रचिला, त्यांतील ‘गोलाध्याय’ नामक भागांत पृथ्वी वाटोळी असून ती निराधार आहे असें सप्रमाण सांगितलेलें आहे. परंतु हें ज्ञान विद्वानांच्या पोथींत राहिलें. गांवच्या मुलापर्यंत तें पोंचलें नाहीं. पंतोजींच्या शाळेंत मुलगा धुळाक्षरें गिरवी, पाढे व उजळणी म्हणे, मोडी लिही आणि जमाखर्च शिके; भूगोल असा निराळा विषय तेथें नव्हता. तरी मुलें भूगोलाविषयीं अगदींच अजाण होतीं असें मात्र म्हणतां येणार नाहीं. बैलांचा तांडा कोणत्या घाटानें उतरतो, वारी कोणत्या गांवावरून जाते, कोणत्या नक्षत्रावर पाऊस धरतो, हें त्यांस वडीलधाऱ्यांकडून आपोआप कळत असे. तें ज्ञान तोंडीं होतें, आणि शाळा त्यास ज्ञान म्हणत नसे, इतकेंच.

इंग्रजी अंमल बसल्यावर मौंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन हे १८१९ पासून १८२७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या कारकीर्दींत देशी भाषांत शाळापुस्तकें छापण्याच्या कार्यास आरंभ झाला. १८२२ सालीं मुंबईंत त्यासाठीं एक मंडळी स्थापन झाली, आणि कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखालीं तयार झालेले शिक्षक १८२६ सालीं दख्खन, कोंकण व गुजराथ या प्रांतांत पाठविण्यांत आले. पुढें ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर (१८१२–१८४६) यांनीं भूगोलविद्येवर मराठींत पुस्तक लिहिलें. अशा रीतीनें भूगोल हा शब्द मराठी मुलाच्या दप्तरांत आला. १८५५ सालीं मुंबई इलाख्यांत सरकारी विद्याखातें सुरू झालें, तेव्हांपासून तर या विषयाचें स्थान कायमच झालें.

परंतु पुस्तक आलें म्हणजे विद्या आली असें होत नाहीं. त्या काळच्या पद्धतींत भूगोल म्हणजे नांवांची माळ होती. अमक्या प्रांताची राजधानी कोणती, अमक्या खंडांतील नद्या किती, अमुक बंदरें कोणतीं, या प्रश्नांचीं उत्तरें मुलें एका सुरांत म्हणत. टेम्स नदीचें नांव बिनचूक सांगणाऱ्या मुलास आपल्या गांवचा ओढा कोणत्या नदीस मिळतो हें सांगतां येत नसे. तपासनीस संतुष्ट होत, आईबापांस कौतुक वाटे, आणि मुलाच्या मनांत मात्र असा समज रुजे कीं, भूगोल हा दूर कोठेंतरी असतो. आपल्या वाडींत तो नसतो.

जोतिराव फुले यांची मागणी

हा दोष ज्यांस प्रथम जाणवला त्यांत महात्मा जोतिराव फुले यांची गणना केली पाहिजे. १८८२ सालीं हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणविषयक कमिशन बसलें, त्यापुढें जोतिरावांनीं लेखी निवेदन सादर केलें. प्राथमिक शिक्षण खेड्यांतील शेतकऱ्याच्या मुलास मिळाले पाहिजे ही त्यांची मुख्य मागणी होती. त्या शिक्षणांत काय असावें हेंही त्यांनीं सांगितलें: मोडी व बाळबोध लेखन, वाचन, हिशेब, सामान्य इतिहास, सामान्य भूगोल व व्याकरण यांचें प्राथमिक ज्ञान, तसेंच शेतकीचें थोडें शिक्षण आणि नीति व आरोग्य यांवरील कांहीं पाठ. वाचकांनीं या यादींतील एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. जोतिरावांनीं भूगोल काढून टाका असें म्हटलें नाहीं. शेतकऱ्याच्या पोराला जग कशाला पाहिजे, असें म्हणणारे लोक त्या काळीं पुष्कळ होते. त्यांच्या उलट जोतिरावांनीं भूगोलास शेतकीच्या आणि आरोग्याच्या पंक्तीस बसविलें. म्हणजे भूगोल हा कामाचा विषय आहे, शोभेचा नव्हे, असाच त्याचा अर्थ होतो. जुन्नर तालुक्यांत सत्यशोधक विचार लवकर पोंचला होता व ओतूरसारख्या गांवांत त्याचे खंदे पुरस्कर्ते होते. तेव्हां ही मागणी आमच्या प्रांताला परकी नव्हती.

थोर शिक्षकांची रीत

भूगोल कसा शिकवावा या प्रश्नाचा विचार युरोपांतही चालूच होता. कोमेनियस (१५९२–१६७०) या थोर शिक्षणवेत्त्यानें मुलांसाठीं चित्रांचें पुस्तक १६५८ सालीं प्रसिद्ध केलें. वस्तु आधीं डोळ्यांपुढें, मग तिचें नांव, हें त्याचें सूत्र होतें. त्यापुढें पेस्तालोत्सी (१७४६–१८२७) या स्विस गुरूनें इव्हर्दों येथील आपल्या शाळेंत जें केलें तें आम्हांस विशेष मनोवेधक वाटतें. तेथील शिक्षक मुलांस जवळच्या नदीच्या खोऱ्यांत नेत, खोरें नीट न्याहाळावयास लावीत, परततांना त्यांच्याकडून चिकणमाती आणवीत, आणि शाळेंत मोठ्या मेजावर त्याच खोऱ्याचा मातीचा नमुना मुलांच्या हातून करवीत. नमुना पुरा झाल्यावर मग नकाशा दाखवीत. मुलांस नकाशा तेव्हां आपोआप समजे, कारण तो त्यांनीं पायांनीं व हातांनीं आधींच वाचलेला असे.

येथें आमच्या कॅथोलिक वाचकांस एका गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते. भूगोलविद्येच्या वाढींत येशूसंघी धर्मगुरूंचा वांटा थोडा नाहीं. फादर मात्तेओ रिच्ची यांनीं १६०२ सालीं पेकिंग येथें चिनी भाषेंत जगाचा मोठा नकाशा प्रसिद्ध केला. अकबराच्या दरबारीं गेलेल्या फादर मोन्सेराते यांनीं हिंदुस्थानचा नकाशा काढला, आणि फादर टीफेनथालर (१७१०–१७८५) यांनीं उत्तर हिंदुस्थानांत वर्षानुवर्षें हिंडून येथील नद्या व नगरें यांचें वर्णन लिहिलें. या सर्वांची रीत एकच होती. त्यांनीं आधीं वाट चालली आणि मग कागद हातीं धरला. मुलाला शिकवितांनाही याहून निराळी रीत नाहीं.

स्वराज्याच्या आगेंमागें

विसाव्या शतकांत आपल्याकडे या विचारास बळ आलें. १९३७ सालीं वर्धा येथें मूलोद्योगी शिक्षणाची योजना पुढें आली व डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें तिचा अभ्यासक्रम आंखला. इतिहास व भूगोल यांचा मुलाच्या परिसराशीं व हातच्या उद्योगाशीं मेळ घालावा असा तिचा आग्रह होता. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें व पुढें कोसबाड येथें अनुताई वाघ यांच्या साहाय्यानें जें कार्य केलें, त्यांत तर गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणावरच शाळा भरविण्याचा प्रयोग झाला. मूल शाळेंत येत नसेल तर शाळेनें मुलाकडे जावें, आणि जातांना तेथील झाडें, दगड व पाणी यांनाच पुस्तक करावें, हा धडा आमच्या डोंगरी वाड्यांस तंतोतंत लागू पडतो.

१ मे १९६२ रोजीं महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा अस्तित्वांत आल्या आणि खेड्यांतील प्राथमिक शाळा त्यांच्या हातीं गेल्या. २७ जानेवारी १९६७ रोजीं पुण्यास पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे आपणां सर्वांस परिचित असलेल्या बालभारतीची स्थापना झाली. या मंडळानें तिसऱ्या इयत्तेसाठीं प्रत्येक जिल्ह्याचें निराळें पुस्तक काढण्याची पद्धति पाडली, ती आमच्या मतें फार शहाणपणाची होती. आठ वर्षांच्या मुलाला आपल्याच जिल्ह्याचा नकाशा, आपल्याच नद्या व आपलींच पिकें छापील पुस्तकांत दिसलीं, म्हणजे त्याच्या मनांत प्रथमच असा विश्वास उत्पन्न होतो कीं, आपलें गांवही लिहिण्याजोगें आहे. मात्र जिल्हा मोठा असतो. पुणें जिल्ह्याच्या पुस्तकांत एकेका तालुक्याच्या वांट्यास येऊन जाऊन चार ओळी येणार. उरलेलें पुस्तक शिक्षकानें व आईबापांनीं गांवाच्या शिवारांत उघडावयाचें असतें.

आमच्या भूमीचें पुस्तक

तें पुस्तक उघडूं लागावें तर आमच्यासारखें भाग्यवान कोणीच नाहीं. प्रथम दिशा घ्या. मुलाला सकाळीं उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभें करावें. ‘पूर्व’ म्हणजे पुढची, ‘पश्चिम’ म्हणजे पाठीमागची, आणि ‘दक्षिण’ म्हणजे उजवी. दिशांचीं नांवें मुलाच्या देहावरच लिहिलेलीं आहेत. जुन्नरच्या मुलाच्या पाठीशीं तेव्हां सह्याद्रीची भिंत असते आणि पुढें उतरतें पठार असतें. एवढ्यावरूनच आपल्या नद्या पूर्वेस कां वाहतात याचें उत्तर तें मूल स्वतः देऊं शकतें.

नद्यांचा पाठ तर याहून गोड आहे. भीमाशंकरापासून अरबी समुद्र सरळ रेषेनें शंभर किलोमीटरच्याही आंत आहे. असें असतां तेथें उगम पावणारी भीमा त्या समुद्राकडे पाठ फिरवून शेंकडों किलोमीटर चालत जाते, कर्नाटकांत कृष्णेस मिळते आणि तिच्यासह बंगालच्या उपसागरांत विसर्जन पावते. आमची कुकडी व मीना या घोड नदीस मिळतात आणि घोड भीमेस मिळते. पंढरपुरास ज्या नदीला चंद्रभागा म्हणतात ती हीच भीमा. घोडेगांवाच्या पुलाखालून गेलेलें पाणी पुढें पंढरीच्या वाळवंटाशीं पोंचतें हें कळल्यावर कोणत्या मुलास नकाशा पाहण्याची इच्छा होणार नाहीं? आमच्या जुन्या लोकांनीं खोऱ्यांस दिलेलीं नांवेंही भूगोलाचींच आहेत. मीनेचें तें मिन्नेर, घोडेचें तें घोडनेर, भीमेचें तें भीमनेर, भामेचें तें भामनेर. नदी आणि तिचें खोरें हा भूगोलाचा मूळ सिद्धांत आमच्या पूर्वजांनीं बोलींतच सांठवून ठेविला आहे.

पावसाचा पाठ घ्यावयाचा तर पश्चिमेकडून पूर्वेकडे एक दिवस प्रवास करावा. घाटमाथ्यावर धो धो पाऊस, भाताचीं खाचरें, राब भाजण्याची रीत आणि हिरड्याचीं झाडें. मधल्या पट्ट्यांत बागाईत, कांदा, टोमॅटो व ऊंस. पूर्वेस मोकळा माळ आणि बाजरी. डोंगर ढगांस अडवितो व पलीकडे पर्जन्यछाया पडते, ही गोष्ट पुस्तकांत एका वाक्याची आहे. आमच्या मुलांस ती एस. टी. च्या खिडकींतून दिसते.

आणि जगाचा भूगोल? तोही येथेंच आहे. नाणेघाटाची वाट दोन हजार वर्षांपूर्वीं कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांस जुन्नर व पैठण यांच्याशीं जोडीत असे. तेथील लेण्यांत सातवाहनांच्या राणीचा शिलालेख आहे, आणि त्यांतील अंकचिन्हें आपल्या देशांतील अतिप्राचीन अंकांत मोडतात. घाटाच्या माथ्यावरील दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठीं होता अशी परंपरा आहे. जुन्नरच्या भोंवतालीं डोंगरांत दोनशेंहून अधिक लेणीं कोरलेलीं आहेत, व त्यांतील कांहीं शिलालेखांत यवन दात्यांचीं नांवें आढळतात. यवन म्हणजे मूळचे ग्रीक. दूरदेशींचा माणूस जुन्नरास येऊन दान देऊन गेला, तर त्याचा देश कोठें, तो कोणत्या समुद्रानें आला, हे प्रश्न मुलें आपण होऊनच विचारतील.

याहून नवल कुकडीकाठच्या बोरी गांवीं आहे. तेथें नदीच्या थरांत ज्वालामुखीच्या राखेचा थर सांपडला. ही राख सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीची असावी असें बहुतेक अभ्यासक मानतात. ती कोणत्या उद्रेकाची, याविषयीं मात्र त्यांच्यांत मतभेद आहेत. आमचा काळा कातळ स्वतःच सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा झालेला आहे. त्यावर पुढें कधीं काळीं हजारों किलोमीटरांवरून राख येऊन पडली. आणि ज्यास पृथ्वीही अपुरी वाटेल त्यानें खोडदला जावें. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें तेथें उभारलेली रेडिओ दुर्बीण ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची असून ती आकाशांतील अतिदूरच्या लहरी ऐकते. बोरीची राख, नाणेघाटाची वाट आणि खोडदची तबकडी या तिन्हींचे पाठ एकाच तालुक्यांत घेतां येतात.

नकाशा आणि माणूस

इतकें सांगून आम्ही थांबलों तर हा लेख कौतुकाचा होईल, उपयोगाचा होणार नाहीं. भूगोल म्हणजे केवळ दगड व पाणी नव्हे. त्यांवर जगणारा माणूस हा त्याचा खरा विषय आहे. आंबेगांव तालुक्यांतील महाळुंगे पडवळ येथील बाबू गेनू सैद हा तरुण पोटासाठीं मुंबईस गिरणींत गेला, आणि १२ डिसेंबर १९३० रोजीं परदेशी मालाची मोटार अडवितांना तिच्याखालीं सांपडून प्राणास मुकला. गांव सोडून मुंबईस कां जावें लागलें, परदेशी कापड येथपर्यंत कसें आलें, या प्रश्नांचीं उत्तरें भूगोलांत आहेत. आज त्याचेंच नांव डिंभे धरणाच्या जलाशयास दिलेलें आहे. त्या पाण्यानें पूर्वेकडील शेतें हिरवीं झालीं, हें सत्य आहे. ज्या गांवावरून तालुक्यास नांव पडलें तें जुनें आंबेगांव त्याच पाण्याखालीं गेलें, हेंही सत्य आहे. येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगे व डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या पांच धरणांचीं नांवें पाठ करणाऱ्या मुलास पाणी कोणाकडून आलें व कोणास मिळालें, हे दोन्ही हिशेब शिकविले पाहिजेत. एकच हिशेब शिकविणें हें अर्धें शिक्षण होय.

शेवटीं माळीण. ३० जुलै २०१४ च्या सकाळीं अतिवृष्टीनंतर डोंगराचा कडा सुटून हें आदिवासी गांव मातीखालीं गेलें व १५१ माणसें मृत्यु पावलीं. नेहमींच्या वाटेनें आलेल्या एस. टी. च्या चालकास गांव जागेवर दिसलें नाहीं, आणि त्याच्यामुळें ही वार्ता बाहेर कळली. जोराचा पाऊस, उतारावरील भिजून जड झालेली माती, उतारांवर झालेले फेरफार, अशा कारणांची पुढें जाणकारांनीं चर्चा केली. २०१७ सालीं वांचलेल्यांसाठीं नवी वस्ती उभी राहिली. मृतांस प्रभु चिरशांति देवो. परंतु प्रार्थनेबरोबर आपणांवर एक कर्तव्यही येतें. डोंगराला नवी भेग पडली, झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ झालें, सरळ झाडें कलूं लागलीं, भिंतींस तडे गेले, तर तीं संकटाचीं चिन्हें असूं शकतात, व तेथून वेळींच दूर झालें पाहिजे. हा भूगोलाचा धडा आहे. तो परीक्षेंत विचारला जावो वा न जावो, डोंगराखालच्या प्रत्येक शाळेंत तो शिकविला गेलाच पाहिजे. जोतिरावांनीं भूगोलास आरोग्याच्या पंक्तीस कां बसविलें होतें, त्याचें उत्तर माळीणच्या मातींत आहे.

उपसंहार

या इतिहासावरून आम्हांस तीन गोष्टी सुचतात. पहिली ही कीं, आमच्या डोंगरी मुलांजवळ, विशेषतः महादेव कोळी व ठाकर समाजाच्या मुलांजवळ, भूमीचें जें ज्ञान घरूनच येतें त्यास शाळेनें अडाणीपणा समजूं नये. पायवाटा, झरे, रानभाज्या व कातळ ओळखणारें मूल भूगोलांत कच्चें नसतें. त्याच्या ज्ञानास फक्त नकाशाची लिपि मिळावयाची असते. दुसरी ही कीं, आज प्रत्येकाच्या खिशांतील दूरध्वनींत सर्व जगाचा नकाशा मावतो, म्हणून पायीं चालण्याची गरज संपली असें मानूं नये. तो नकाशा वाट दाखवील. झऱ्याचें पाणी गढूळ झालें हें तो सांगणार नाहीं. तिसरी गोष्ट आईबापांसाठीं आहे. वर्षांतून एक दिवस मुलांस घेऊन आपल्या ओढ्याच्या उगमापर्यंत चालत जावें, घरीं येऊन त्यांच्याकडून अंगणांत मातीचें खोरें करवून घ्यावें, आणि आजोबा-आजींस जवळ बसवून जुन्या वाटांचीं व बुडालेल्या गांवांचीं नांवें त्यांच्या तोंडून मुलांच्या वहींत उतरवून घ्यावीं. यास एक पैचाही खर्च नाहीं.

ज्यास आपली जमीन ठाऊक आहे तोच ती सांभाळूं शकतो, आणि ज्यास आपलें पाणी शेजाऱ्याच्या शेतांत कोठें जातें हें ठाऊक आहे त्यासच शेजारधर्म म्हणजे काय हें पुरतें कळतें. या महोत्सवाच्या वर्षीं आपण मुलांस अनेक भेटी द्याल. त्यांत आपल्या गांवच्या शिवाराची ही ओळखही द्यावी, एवढी विनंति करून आम्ही वाचकांची रजा घेतों.